कॉलरवाली पीत नव्हती

शर्टाला कॉलर बसवणं हे आमच्या कारखान्यात सगळ्यात अवघड काम. बाही लावताना सूतभर इकडेतिकडे झालं तर खपून जातं, खिसा तिरका गेला तरी एखाद्या वेळी चेकरची नजर चुकते. कॉलर मात्र तोंडासमोर असते, तिथे लपवालपवी नाही. त्या मशीनवर अकरा वर्षं एकच बाई बसली. शाळेच्या गणवेशाचे शर्ट गठ्ठ्यांनी तिच्या हाताखालून जायचे आणि तिनं कधी खडूची खूण केलेली मी पाहिली नाही. कटिंग मास्तर तिला फूटपट्टी म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले.

मी काजेवाली. बटणांची काजं करायचं मशीन माझं, तिच्या मागच्या ओळीत. नऊ वर्षं मी तिची पाठ बघत काम केलं. ती बोलायची कमी, पण बोलली की समोरचा गार. एकदा सुपरवायझर मशीनं बंद करायला लावून वेळेच्या महत्त्वावर बोलत होता. बराच वेळ झाला तेव्हा ही मान खाली घालूनच म्हणाली, “साहेब, या भाषणात वीस शर्ट गेले.” सगळी ओळ खाली तोंड घालून हसली. मीही हसले, पण मला ती फारशी आवडत नव्हती. तिचं काम चांगलं होतं आणि तिला ते माहीत होतं, एवढंच कारण.

तिचं लग्न चोविसाव्या वर्षी एका वायरमनशी झालं होतं. नवरा वाईट नव्हता, असं तीच सांगायची. चार वर्षं मूल झालं नाही. आधीच मागेपुढे होणारी पाळी अठ्ठाविसाव्या वर्षी थांबली ती थांबलीच. डॉक्टरनं रक्त तपासलं आणि सांगितलं की बीजकोशांनी काम सोडलंय, पन्नाशीत होतं ते आत्ताच झालंय. का झालं विचारलं तर म्हणाला, कधीकधी होतं. तेवढ्यावर विषय मिटला. कारण शोधायची गरज कुणालाच वाटली नाही; सासूला तर कारण आधीच सापडलं होतं. खोटा माल गळ्यात मारला, असं ती जिन्यात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

एका संध्याकाळी ही कामावरून परत गेली तर तिची पेटी फाटकाशी, वॉचमनच्या खुर्चीजवळ ठेवलेली. वरून दोरी बांधलेली. वॉचमन बिचारा खाली बघत म्हणाला, वर सोडू नका असं सांगितलंय. तिनं मान वर केली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत नवरा उभा होता. ती पेटीवर बसून राहिली. नवऱ्यानं पडदा ओढला तेव्हा उठली आणि पेटी घेऊन आईकडे गेली. सात महिन्यांत त्यानं दुसरं लग्न केलं. हे सगळं तिनं आम्हाला डबा खाताना चार वाक्यांत सांगितलं आणि पुढचा घास घेतला. आम्ही दोन दिवस हळहळलो. तिसऱ्या दिवशी विषय शिळा झाला.

आईचं घर दोन खोल्यांचं. आईनं जन्मभर एका शाळेत झाडलोट केली होती. वडील कधीच गेलेले. धाकटी बहीण हिच्याहून बारा वर्षांनी लहान, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. हिनं तिच्या शिक्षणासाठी काय काय केलं ते आई सगळ्यांना सांगायची, ही सांगायची नाही.

तिला तेहेतिसावं लागलं त्या वर्षी तापाची साथ आली. अर्धा कारखाना आडवा झाला. मलाही आला, चार दिवसांत उतरला. तिला सहा दिवस होता. परत आली ती मशीनांच्या कडा धरत धरत जागेवर गेली. अशक्तपणा असेल, असं वाटलं. पण त्या दिवशी चेकरनं तिचे तीन शर्ट परत पाठवले, डावं टोक दोऱ्याएवढं खाली. आठवड्यात वीस परत आले. दुसऱ्या कुणाचं अक्षर वाचावं तशी ती कॉलर उजेडात धरून बघायची, उसवायची, पुन्हा शिवायची. दुसऱ्यांदा जास्तच बिघडायची. चालताना तिचा तोल जायला लागला. मोकळ्या जागेतही ती पाय फाकवून टाकायची आणि वळताना भिंत शोधायची.

दारू टाकून येते, असं आधी कोण म्हणालं मला माहीत नाही. मी नव्हते. पण पुढे पोचवण्यात मी कमी पडले नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई, मूल नाही, झोकांड्या खाते. याहून पुरावा कुणाला हवा होता? सुपरवायझरनं एक दिवस तिला ओळींच्या मधे उभं केलं आणि तोंड उघडून फुंकायला सांगितलं. तिनं फुंकलं. त्यानं वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, वरून चहा पिऊन आली असेल. लोक हसले.

ती म्हणाली, “अजून एकदा फुंकते. मागच्या ओळीला नीट दिसलं नसेल.”

मागच्या ओळीत मी होते.

दुसऱ्या दिवसापासून तिला धागे कापायला बसवलं. शर्ट तयार झाला की लोंबणारे धागे कात्रीनं कापायचे, नव्या मुलींना देतात ते काम. फूटपट्टीची भिंगरी झाली. ती पाण्याच्या टाकीकडे निघाली की कुणीतरी मागून तिच्यासारखं झुलत चालायचं. ती नक्कल सगळ्यात चांगली मला जमायची. लोक मला करून दाखवायला सांगायचे.

कॉलरचं मशीन मला मिळालं. नऊ वर्षं मला ते हवं होतं. आणि माझ्यानं ते होईना. पहिल्या महिन्यातच माझे शर्ट गठ्ठ्यांनी परत यायला लागले. एका दुपारी सुपरवायझर माझ्या डोक्याशी उभा राहून बोलत होता आणि तिकडे धाग्यांच्या टेबलावरून ती म्हणाली की कापड ओढू नकोस, ते आपणहून जातं, तू नुसती वाट दाखव. तिचे शब्द तेव्हाच जड पडायला लागले होते, जीभ सुजल्यासारखे. पण सगळ्यांना समजलं. सुपरवायझर म्हणाला, “बघ, पिऊनसुद्धा हिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.”

मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी बटणं यायची ती खाकी कागदाची पिशवी घेतली, तोंडानं फुगवली आणि तिच्यामागे गेले. ती डबा उघडत होती. चारपाच जणींना मी डोळ्यांनी खुणावलं होतं. तिच्या उजव्या कानाशी मी पिशवी फोडली.

ती ओरडली नाही. अंगातला जोर कुणी काढून घ्यावा तशी स्टुलावरून घसरली आणि जमिनीवर बसली. डबा सांडला. आम्ही पोट धरधरून हसलो. ती उठायचा प्रयत्न करत होती आणि पाय तिचं ऐकत नव्हते, म्हणून आम्ही आणखी हसलो. शेवटी इस्त्रीवाल्यानं तिला काखेत हात घालून उभं केलं. दुपारभर ती नुसती बसून होती, कात्री हातात धरून. संध्याकाळी धाकटी येऊन रिक्षातून घेऊन गेली. त्यानंतर ती कारखान्यात आली नाही. नाटकी आहे, असं मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी सुपरवायझर म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला. त्यानं राजीनाम्याचा कागद टाइप करून घेतला आणि माझ्याकडे दिला, कारण माझं घर त्यांच्या गल्लीच्या जवळ. घराला कुलूप होतं. शेजारणीनं हॉस्पिटल सांगितलं.

वॉर्डात ती खिडकीकडच्या खाटेवर होती. पाय ताठ झाले होते, दोन लाकडं ठेवल्यासारखे. मी कागद दाखवला, कशाचा ते सांगितलं. तिनं पेन धरलं. सही म्हणून एक रेघ निघाली, ती उतारावरून घसरल्यासारखी कागदाच्या कडेपर्यंत गेली. मी तिची मूठ माझ्या मुठीत धरली आणि तिच्याकडून सही करून घेतली. तिची आई कडेला उभी होती. तिला वाटलं, मी मैत्रीण आहे. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “तेवढी एक तूच आलीस.”

म्हणूनच रिपोर्टच्या दिवशी तिनं मला बोलावलं. डॉक्टर काय बोलतात ते मला एकटीला समजायचं नाही, तू चल, म्हणाली. मेंदूचा फोटो आधीच निघाला होता, रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं होतं. त्याला दीड महिना लागला. खोलीत आई, धाकटी, मी, आणि चाकाच्या खुर्चीत ती.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी फोटो उजेडावर लावला. मेंदूच्या आत पांढरा भाग असतो, मेंदूतून निघणाऱ्या तारांवरचं वेष्टण म्हणा, तो हिच्या डोक्यातून नाहीसा होतोय आणि तिथे पाणी भरतंय, असं त्यांनी सांगितलं. मग का ते सांगितलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत सतत प्रथिनं तयार होत असतात. हे काम सुरू करून देणारी काही प्रथिनं असतात. त्यातलं एक पाच तुकड्यांचं मिळून बनलेलं. त्यातला एक तुकडा हिच्या अंगात जन्मापासून सदोष आहे. एरवी कसंबसं भागतं. पण अंगावर ताण आला की प्रत्येक पेशी काम मंदावते, आणि ताण गेला की हेच प्रथिन ते पुन्हा चालू करून देतं. हिचं तिथे कमी पडतं. पेशी मंदावलेल्याच राहतात. मेंदूतल्या पांढऱ्या भागाला ते सोसत नाही. काही बायकांच्या बीजकोशांनाही सोसत नाही.

धाकटीनं विचारलं, म्हणजे ताईची पाळी गेली ती पण?

“ती पण,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दोन्ही एकच आजार. तेव्हा कुणी शोधला नाही.”

आईनं पदर तोंडाला लावला. खुर्चीतली मात्र हसली. तिरकं, एका बाजूनं. दुसरी बाजू हलत नव्हती.

औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. जपायचं एवढंच. ताप येऊ द्यायचा नाही, डोक्याला मार लागू द्यायचा नाही, दचकवायचं नाही. या तिन्हींनी हा आजार एकेक पायरी खाली उतरतो, आणि उतरलेली पायरी बहुतेक वेळा परत चढता येत नाही. मग त्यांनी वहीत लिहायला घेतलं आणि विचारलं. ताप? आई म्हणाली, हो, आला होता. मार? नाही. आणि अचानक भीती, दचकणं, असं काही?

माझे हात मांडीवर होते. मी ते एकमेकांत घट्ट धरले. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला मान वळवायला वेळ लागायचा, त्यामुळे ते पाहणं लांबलं.

“नाही,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “मी काय... शाळकरी पोर आहे... दचकायला?”

खाली व्हरांड्यात मी तिची खुर्ची ढकलत होते. आई औषधांच्या रांगेत होती. ती पुढे बघूनच म्हणाली, “रविवारी ये. दर रविवारी. आईच्यानं मी उचलली जात नाही.” ती विनंती नव्हती आणि क्षमाही नव्हती. मी रविवारी गेले.

रिपोर्टच्याच दिवशी धाकटीनं डॉक्टरीणबाईंना स्वतःबद्दल विचारलं होतं. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन दोष एकत्र आले की हा आजार होतो. धाकटीच्या वाट्याला दोन्ही यायची शक्यता चारात एक, रक्त तपासलं की कळेल. आई एकदम उठली आणि काही गरज नाही म्हणाली. धाकटीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा चांगला, नोकरीचा. त्यांच्या कानावर मोठीबद्दल काहीतरी गेलं होतं आणि ते लोक विचारायला येणार होते.

घरी परतल्यावर जिन्यात आईनं मला थांबवलं. बाहेर या आजाराचं नाव काढायचं नाही, म्हणाली. लोकांनी विचारलं तर मोठी प्यायची म्हणून सांगायचं. पोरीसाठी हॉस्पिटलात रात्र रात्र जागणारी बाई ती. ती म्हणाली, “दारू रक्तातून येत नाही. धाकटीला चिकटणार नाही.”

ते लोक एका रविवारी आले. पुढच्या खोलीत चौघं, मधे पडदा, पडद्यामागे ती. धाकटीच्या होणाऱ्या सासूनं आडवळणानं विचारलं. आईनं सांगायचं ते सांगितलं, रडत सांगितलं, आणि रडणं खरं होतं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, ही तिच्याबरोबर कामाला होती, हिला विचारा. त्या बाई माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले की हो, आमच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर तोंडाचा वास घेतला होता. त्या बाईंनी सुस्कारा टाकला. एका घरात दोन मुली, पण किती फरक, असं म्हणाल्या. लग्न ठरलं.

ते गेल्यावर मी पडद्याआड गेले. तिची चादर बदलायची होती. मी तिला कुशीवर वळवताना ती म्हणाली, “किती प्यायचे मी? ते... नाही सांगितलंस.”

पुढची अडीच वर्षं मी रविवारी गेले. अंघोळ, नखं, केस. ती गोड झाली नाही. पाणी गार आहे, हात खरखरीत आहे, कंगवा ओढू नकोस. मी कारखान्यातला एखादा शर्ट नेला की बोट कॉलरवरून फिरवायची आणि डावं टोक, एवढंच म्हणायची. घरात सगळे चोरपावलांनी वावरायचे. आईनं दाराच्या कडांना चिंध्या बांधल्या होत्या, भांडी कपड्यावर ठेवायची. तरी एकदा वरच्या मजल्यावरच्या माणसानं भिंतीत खिळा ठोकला. पहिल्याच ठोक्याला तिचं सगळं अंग उडालं. दुसऱ्या दिवसापासून तिला चमचा धरता आला नाही. मी वर जाऊन त्या माणसाला वाटेल तसं बोलले. तो वारंवार विचारत होता, एका खिळ्यानं काय होतं?

मधे एकदा मी एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. पिशवीचं सांगितलं. त्या ऐकून घेईपर्यंत लिहीत होत्या, मग पेन ठेवलं. आजार तापानं उघडा पडला होता, तो पुढे जाणारच होता, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग माझ्यामुळे नाही ना? त्या म्हणाल्या, “तुम्ही तिची दोन वर्षं नेलीत की दोन दिवस, मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. ते हलकं करून द्यायचं औषधही माझ्याकडे नाही.” बाहेर पुढचा पेशंट उभा होता.

शेवटच्या वर्षात तिला फिट्स यायला लागल्या. ती मला कधी धाकटी समजायची, कधी सासू. सासू समजली की डोळे मिटून घ्यायची. मग एक साधी सर्दी झाली. शेजारच्या घरात सगळ्यांना होती. दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी ती जागी झाली नाही. अकरा दिवस श्वास चालू होता. छत्तीस वर्षांची होती. कारखान्यातून कुणी आलं नाही. मी रजा मागितली तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, कॉलरवर कोण बसणार?

धाकटी तेव्हा आठ महिन्यांची गरोदर होती, तिला कळवलं नाही. तिनं रक्त कधीच तपासलं नाही. मुलगी झाली, ठणठणीत आहे. धाकटीची स्वतःची पस्तिशी अजून यायची आहे. ती ताप आला की घाबरते, पण कशाला घाबरते ते बोलत नाही.

मागच्या वर्षी मी तिच्या आईकडे गेले होते तेव्हा धाकटी आणि तिची मुलगी तिथे आल्या होत्या. मुलगी सहा वर्षांची. ती दोन खोल्यांमधे स्वतःभोवती गोल फिरत होती, चक्कर येऊन भिंतीला धडकली आणि हसत सुटली. धाकटी तिला म्हणाली, “पुरे. मावशीसारखी झुलू नकोस, लोक म्हणतील प्यायलीस.”

सहज म्हणाली. सासरी कितीदा तरी ऐकून जिभेवर बसलेलं. आई भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

मी मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुझी मावशी प्यायची नाही. ती आजारी होती. आम्ही सगळे खोटं बोललो.

मुलगी आपल्या आईच्या तोंडाकडे बघायला लागली. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. ती हळू आवाजात म्हणाली, “ताई, साक्ष तर तुम्हीच दिली होतीत.”

मी हो म्हणाले. तिनं मुलीचा हात धरला, चपला हातातच घेतल्या आणि जिना उतरली. आईनं भाजी बाजूला सारली. धाकटी असेल तेव्हा तू येत जाऊ नकोस, एवढंच ती मला म्हणाली. आता मी गुरुवारी जाते. धाकटी गुरुवारी येत नाही.